चायनीज सोडायचे नाही, पण निवडून खायचे आहे : काय मागवावे, काय टाळावे?

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

आमच्या घरी गेली दहा-बारा वर्षे शनिवारी रात्री चूल पेटत नाही. नाशिकमधल्या आमच्या घराजवळच्या एका चायनीज सेंटरमधून जेवण येते आणि त्याची यादीही ठरलेली असते : एक ट्रिपल शेजवान राइस, एक हक्का नूडल्स, एक व्हेज मंचुरियन ड्राय आणि मुलांसाठी चायनीज भेळ. गेल्या महिन्यात माझ्या वडिलांचा रक्तदाब १६०/१०० निघाला. त्यांचे वय ६८ आहे. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि जेवणातले मीठ निम्म्यावर आणायला सांगितले. बाबांनी लोणचे आणि पापड दोन्ही विनातक्रार सोडले, पण शनिवारचे चायनीज त्यांना सोडवत नाही. ते सोडायला लावणे माझ्याही जिवावर येते, कारण आई गेल्यापासून आम्ही सगळे एकत्र बसून जेवतो असा आठवड्यातला तो एकच प्रसंग उरला आहे.

ओळखीच्यांपैकी प्रत्येकाने एकच सल्ला दिला, "अजिनोमोटो घालू नका असे सांगायचे, की झाले." एवढ्याने खरोखर भागते का, अशी मला शंका आहे. चायनीज पूर्ण बंद करा, असे कृपया सांगू नका. यादी बदलायची माझी तयारी आहे. कोणता पदार्थ का जड आणि कोणता का हलका, हे नीट समजले तर बाबांनाही पटवून देता येईल. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खडीसाखर

गोदाकाठ ताई, मी आहारतज्ज्ञ म्हणून पुण्यात काम करते आणि हा प्रश्न माझ्यासमोर आठवड्यातून दोनदा तरी येतो. आधी अजिनोमोटोचे बघू, कारण सगळे लक्ष तिकडे वळल्यामुळे खरी अडचण नजरेआड राहते.

टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या कढणातून त्याची विशिष्ट चव देणारा घटक वेगळा केला. तो घटक म्हणजे ग्लुटामेट, आणि त्याचा सोडियमयुक्त क्षार म्हणजे आपले अजिनोमोटो. पिकलेल्या टोमॅटोत, अळंबीत, मुरलेल्या चीजमध्ये आणि आईच्या दुधातही ग्लुटामेट नैसर्गिकरीत्या असते आणि ते कुठून आले यात शरीर भेद करत नाही. अजिनोमोटोची बदनामी १९६८ मध्ये सुरू झाली. एका डॉक्टरांनी अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून चिनी उपाहारगृहात जेवल्यावर मानेला बधिरपणा येतो, धडधडते, असा अनुभव कळवला आणि संभाव्य कारणांमध्ये सोया सॉस, स्वयंपाकातली वाइन, मीठ आणि अजिनोमोटो यांची नावे घेतली. लोकांच्या लक्षात त्यातले शेवटचे तेवढे राहिले. पुढे झालेल्या नियंत्रित चाचण्यांत, जेवणातल्या नेहमीच्या प्रमाणात त्याने सर्वसामान्य माणसाला ठरावीक त्रास होतो असे सातत्याने दिसून आले नाही. युरोपातल्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१७ मध्ये ग्लुटामेटसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ३० मिलिग्रॅम अशी मर्यादा सुचवली आहे. आपल्याकडे बारा महिन्यांखालील बाळांसाठी अजिनोमोटो योग्य नाही, अशी सूचना वेष्टनावर द्यावी लागते. ज्यांना ते खाल्ल्यावर खरोखर डोके दुखते त्यांनी जरूर टाळावे.

आता बाबांच्या रक्तदाबाकडे येऊ. मिठात साधारण ३९ टक्के सोडियम असते आणि अजिनोमोटोत सुमारे १२ टक्के. म्हणजे चिमूटभर अजिनोमोटो वगळले आणि सोया सॉसची बाटली तशीच तिरकी राहिली, तर हाती फारसे काही लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते, म्हणजे सव्वादोन ग्रॅमच्या आसपास मीठ. एका चमच्यात दिवसाचा जवळजवळ निम्मा वाटा संपला. त्यावर चिली सॉस, शेजवान चटणी, सूपच्या स्टॉकमधले मीठ आणि वरून भुरभुरलेले मीठ अजून मोजलेलेच नाही.

म्हणून तुमच्या बाबांसाठी पहिला प्रश्न "अजिनोमोटो आहे का?" हा न ठेवता "यात सॉस किती पडणार?" हा ठेवा.

रंकाळावेस

खडीसाखर ताईंनी हिशेब मांडला आहे, तो कढईजवळ उभे राहून कसा दिसतो ते मी सांगतो. कोल्हापुरात आमच्या काकांचे चायनीज सेंटर होते. कॉलेजची चार वर्षे मी रोज संध्याकाळी सहा ते अकरा तिथे काम केले आणि शेवटची दोन वर्षे भट्टीवर होतो.

ग्राहकाला वाटते, ऑर्डर दिल्यावर पदार्थ बनतो. प्रत्यक्षात त्याचा बराचसा भाग दुपारीच झालेला असतो. मंचुरियनचे गोळे दुपारी तीन वाजता अर्धे तळून परातीत काढायचे आणि ऑर्डर आली की पुन्हा कडकडीत तेलात सोडायचे. म्हणजे एकच गोळा दोनदा तेलात जातो. नूडल्स उकडून झाल्या की चिकटू नयेत म्हणून त्यांना तेल चोळून ठेवायचे. ताईंच्या यादीतल्या 'ट्रिपल'चे सांगतो. कढईत पाऊण डाव तेल, त्यात लसूण-आले, मग शेजवान चटणीचा भरलेला डाव, आणि ही चटणी तेलात तरंगत असते हे लक्षात घ्या. मग भात आणि तेल चोळलेल्या नूडल्स, सोया सॉसची धार, मीठ, पांढरी मिरपूड. शेजारच्या कढईत मंचुरियनची ग्रेव्ही, तिला पुन्हा तेल, पुन्हा सोया सॉस, पुन्हा मीठ आणि दाटपणासाठी कॉर्नफ्लॉवरची पेस्ट. सगळ्यावर मूठभर तळलेल्या नूडल्स. मोजायचे चमचे कुणीही वापरत नाही, सगळा अंदाज मनगटाचा असतो आणि गर्दीच्या वेळी मनगट सैल पडते.

मेनूकार्डावरच्या शब्दांबद्दलही एक सांगायला हवे. 'ड्राय' लिहिले की तेल कमी, असा बहुतेकांचा समज असतो आणि तो चुकीचा आहे. ड्राय म्हणजे फक्त रस्सा नाही, तळणे तेवढेच. 'क्रिस्पी' म्हणजे तळलेले, 'चिली' म्हणजे कॉर्नफ्लॉवर-मैद्यात घोळून तळलेले, मग ते पनीर असो, अळंबी असो की बटाटा. अमेरिकन चॉप्सीत नूडल्सच तळलेल्या असतात आणि वरचा सॉस गोड असतो. याउलट 'हॉट गार्लिक सॉसमधल्या भाज्या' किंवा 'एक्झॉटिक व्हेज' अशा नावाखाली जे येते त्यातल्या भाज्या आमच्याकडे उकळत्या पाण्यातून काढून परतल्या जायच्या, तळल्या जात नसत. चिकन खाणाऱ्यांनी 'न तळता, नुसते परतून द्या' असे सांगितले तर आम्ही पातळ काप करून तसे देत असू.

"तेल कमी घाला" हे वाक्य कढई भट्टीवर चढण्याआधी पोहोचले तर उपयोगाचे आहे. फोनवर ऑर्डर देताना पहिल्याच वाक्यात सांगा आणि त्यातही नेमके सांगा : "अर्धा सोया सॉस, वरून मीठ नको, चटणी वेगळ्या डबीत." 'जरा हेल्दी बनवा' असे सांगितले तर कारागिराला काय करायचे ते कळत नाही.

बार्देसकर

मी गोव्यातल्या म्हापशाचा. रंगाचा विषय अजून कुणी काढला नाही म्हणून लिहितो.

आमच्याकडे जत्रेत खाजे आणि लाडू यांच्या जोडीला गोबी मंचुरियनचे गाडे हमखास असायचे. २०२४ च्या सुरुवातीला म्हापसा नगरपालिकेने त्या गाड्यांवर बंदी घातली, तेव्हा बातमी देशाबाहेरच्या वर्तमानपत्रांतही छापून आली. त्याआधी २०२२ मध्ये वास्कोच्या सप्ताहातही असे गाडे मर्यादित ठेवायला अन्न व औषध प्रशासनाने सांगितले होते. तक्रार अस्वच्छतेची आणि कृत्रिम रंगांची होती. पुढे मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यास मनाई केली. तिथे तपासलेल्या १७१ नमुन्यांपैकी १०७ असुरक्षित निघाले होते. पदार्थावर बंदी नव्हती, रंगावर होती, हा फरक महत्त्वाचा आहे.

सोया सॉसचा रंग तपकिरी, सुक्या मिरचीचा विटकरी लाल. त्यामुळे समोर आलेला मंचुरियन शेंदरी किंवा कुंकवासारखा लाल असेल आणि खाऊन झाल्यावर बोटांना तो रंग साबणानेही निघत नसेल, तर तो मिरचीचा नाही. यातले काही रंग ठरावीक पदार्थांत ठरावीक प्रमाणात चालतात, पण रोडामाइन-बी सारखा कापड रंगवायचा रंग कोणत्याच अन्नात चालत नाही. मुलांच्या चायनीज भेळेकडे या नजरेने एकदा पाहावे, ही विनंती. मी माझ्या मुलीला तो रंग पांढऱ्या रुमालावर उतरवून दाखवला. त्यानंतर तिनेच हट्ट सोडला.

पानसुपारी

मी निवृत्त शिक्षक आहे आणि मधुमेहाला सतरा वर्षे झाली. रक्तदाबावर वर चर्चा झाली आहे, मी साखरेबद्दल लिहितो.

चायनीज जेवणात गोड काही नसते, अशी माझी समजूत होती. मग एकदा नातवाच्या वाढदिवसाला शेजवान फ्राइड राइस आणि मंचुरियन ग्रेव्ही पोटभर खाऊन दोन तासांनी घरच्या यंत्रावर साखर तपासली, ती २४१ आली. पांढरा भात, मैद्याच्या नूडल्स, गोळ्यांतला मैदा आणि ग्रेव्हीतला कॉर्नफ्लॉवर हे चारही पिष्टमय पदार्थ एका ताटात येतात, आणि काही सॉसमध्ये साखरही असते, हे मला त्या दिवसानंतर समजले.

आता मी चायनीज खातो, पण क्रम बदलला आहे. प्रथम क्लिअर सूप किंवा लेमन कोरिएंडर सूप. स्वीट कॉर्न सूप घेत नाही, कारण ते दाट करायला कॉर्नफ्लॉवर लागते आणि चवीला साखर पडते. मंचाव सूप घेतले तर वरच्या तळलेल्या नूडल्स वेगळ्या द्यायला सांगतो आणि त्या नातवाकडे जातात. मग परतलेल्या भाज्या आणि टोफू किंवा अंडे. भात सर्वांत शेवटी, तोही साधा वाफवलेला, अर्धी वाटी. भाज्या आणि प्रथिने आधी आणि भात नंतर खाल्ला तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हे माझ्या डॉक्टरांनी सांगितले होते. माझ्या यंत्रावरही तसेच दिसले. अशा जेवणानंतर आकडा १६० च्या आसपास राहतो.

खडीसाखर

पानसुपारी काका, तुमचा क्रम अगदी योग्य आहे. फक्त एक काळजी सर्वांनीच घ्यावी. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात पूर्ण गाळू नये, साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि रक्तदाबासाठी कुणी कमी सोडियमचे मीठ आणणार असेल तर मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते.

दूरदेशी

मी नऊ वर्षांपासून सिंगापूरमध्ये राहते. आपण भारतात ज्याला चायनीज म्हणतो ते इथल्या चिनी घरांत फारसे ओळखीचे नाही, आणि या चर्चेत त्या फरकाचा खूप उपयोग होईल असे मला वाटते.

आपले चायनीज ही कोलकात्यात स्थायिक झालेल्या हाक्का या चिनी समाजाची आणि नंतर मुंबईची देणगी आहे. मंचुरियनचे श्रेय नेल्सन वँग यांना दिले जाते. १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करताना त्यांनी आले, लसूण आणि हिरवी मिरची परतली, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला आणि कॉर्नफ्लॉवरने दाट केलेल्या त्या रश्श्यात चिकनचे तळलेले तुकडे सोडले, असे सांगतात. तो पदार्थ आपल्या जिभेसाठीच जन्माला आला, म्हणूनच तो आपल्याला इतका आवडतो. पण तळलेला गोळा आणि दाट रस्सा ही चिनी स्वयंपाकाची एकमेव पद्धत आहे असे समजणे म्हणजे वडापाव खाऊन मराठी जेवण कळले म्हणण्यासारखे आहे.

माझ्या शेजारच्या आजींच्या घरी मी अनेकदा जेवले आहे. त्यांच्या जेवणात प्रत्येकापुढे वाफवलेल्या भाताची एक लहान वाटी असते, आपल्या आमटीच्या वाटीएवढी. मध्ये तीन-चार पदार्थ असतात आणि त्यातले थोडे थोडे सगळ्यांनी घ्यायचे. मासा आल्याच्या काड्या आणि कांद्याची पात घालून वाफवलेला, पालेभाजी लसणावर दोन मिनिटे परतलेली, फेटलेल्या अंड्यात पाणी घालून वाफवलेला मऊ थर, आणि नितळ सूप. सोया सॉस स्वयंपाकात मोजून पडतो आणि हवा असेल तर बुडवायला बशीत मिळतो. जेवणाबरोबर बिनसाखरेचा चहा. दहा हिश्श्यांतले सात हिस्से पोट भरले की थांबावे, असे त्या आम्हाला सांगतात. चिनी लोकांत हे वचन सर्रास वापरले जाते.

तरीही चिनी जेवण म्हणजे आपोआप आरोग्यदायी, असे मी म्हणणार नाही. चीनच्या २०२२ च्या आहार मार्गदर्शनात दिवसाला ५ ग्रॅमपर्यंत मीठ आणि २५ ते ३० ग्रॅम तेल असे सांगितले आहे, कारण तिथे मीठ याच्या जवळजवळ दुप्पट खाल्ले जाते. इथल्या नूडल्स सूपमध्ये बहुतेक मीठ त्या पाण्यातच असते. मी नूडल्स, भाज्या आणि टोफू खाते आणि पाणी निम्म्याहून जास्त तसेच ठेवते. सुरुवातीला अन्न टाकल्यासारखे वाटायचे, पण आता सवय झाली. बाबांनाही सूपच्या बाबतीत हेच सांगावे लागेल, क्लिअर सूप तेलाने हलके असले तरी मिठाने हलके असतेच असे नाही.

आणि शेजवानविषयी. शेजवान हे नाव चीनच्या ज्या सिचुआन प्रांतावरून आले, तिथली खासियत नुसते तिखट नसते, जिभेला मुंग्या आणणारे तिथले मिरे हा त्या चवीचा आत्मा आहे. आपल्या गाड्यांवरच्या शेजवान चटणीत ते मिरे सहसा नसतातच. पण ते मिरे आणि आपल्या कोकण-गोव्यातले तिरफळ ही एकाच प्रजातीतली भावंडे आहेत. बांगड्याच्या आमटीतले तिरफळ दाताखाली आल्यावर जीभ जशी झिणझिणते, तशीच ती चव.

जिरेमोहरी

दूरदेशी, तिरफळाबद्दल वाचून मी लगेच डबा उघडला. मी मालवणची आहे, आमच्याकडे ती वर्षभराची साठवलेली असतात. बी काढून टाकायची, फक्त साल घ्यायची.

गोदाकाठ, चारपैकी दोन शनिवार घरी करता आले तर बघा. मी आमच्याकडे मंचुरियन आप्पेपात्रात करते. किसलेला कोबी आणि गाजर मीठ न लावता घ्यायचे, कारण मीठ लावले की पाणी सुटते आणि मग पीठ जास्त लागते. त्यात बारीक चिरलेली फरसबी, आले-लसूण, मिरपूड आणि मिळून येण्यापुरते ज्वारीचे पीठ व थोडे तांदळाचे पीठ. प्रत्येक साच्यात तेलाचे चारच थेंब, झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटे, मग उलटायचे. चोवीस गोळ्यांना दीड-दोन चमचे तेल पुरते. ते तळलेल्यासारखे कुरकुरीत होत नाहीत, हे आधीच सांगते. बाहेरून खरपूस आणि आतून मऊ होतात.

चटणीसाठी ब्याडगी मिरच्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवून लसणाबरोबर वाटायच्या, दोन चमचे तेलावर परतायच्या, चवीला व्हिनेगर आणि तिरफळाची चिमूटभर पूड. ब्याडगीमुळे रंग असा येतो की दुसरा रंग घालावासा वाटत नाही. मीठ अगदी नावाला लागते, कारण आंबटपणा, लसूण आणि ती झिणझिण मिळून मिठाची उणीव भरून काढतात. माझ्या सासऱ्यांनाही रक्तदाब आहे आणि सॉस घालताना मी एकच नियम पाळते : चौघांच्या भाजीला सोया सॉस एक लहान चमचा, तोही तीन चमचे पाण्यात मिसळून शेवटी घालायचा. आच बंद करताना घातला की वास टिकतो आणि कमी प्रमाणातही जाणवतो.

भाज्या मात्र मोठ्या आचेवर, लोखंडी कढईत, थोड्या थोड्या घालून परता. एकदम सगळ्या घातल्या तर पाणी सुटते, भाजी लिबलिबीत होते आणि मग चव आणायला माणूस सॉसच्या बाटलीकडे हात नेतो.

रंकाळावेस

जिरेमोहरी ताई, शेवटचे वाक्य आमच्या काकांच्या तोंडचे वाटले.

घरी फ्राइड राइस करणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना. भात मोकळा व्हावा म्हणून बरेच जण सकाळचा भात दिवसभर ओट्यावर झाकून ठेवतात. शिजलेल्या भातात बॅसिलस सेरिअस या जंतूचे बीजाणू जिवंत राहू शकतात, उबदार हवेत ते वाढतात आणि त्यांनी सोडलेले एक विष पुन्हा कितीही परतले तरी नष्ट होत नाही. आमच्याकडे भात परातीत पसरून पंख्याखाली गार केला जायचा आणि लगेच फ्रिजमध्ये जायचा. दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

तेलाबद्दलही सांगतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार तळणीच्या तेलातले 'टोटल पोलर कंपाउंड्स' (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल टाकून द्यावे लागते. १ जुलै २०१८ पासून हा नियम लागू आहे. ग्राहकाकडे मोजायचे साधन नसते, पण कढई दिसत असेल तर बघता येते : काळपट, दाट, वर टिकून राहणारा फेस आणि डोळ्यांना झोंबणारा धूर असेल, तर तिथे निदान तळलेले तरी काही घेऊ नका.

पानसुपारी

एक शंका. कमी मिठाचा सोया सॉस बाजारात दिसतो. तो घेतला तर मोकळ्या हाताने वापरता येईल का?

खडीसाखर

नाही, काका. त्यात नेहमीच्या सॉसपेक्षा साधारण तीस-चाळीस टक्के सोडियम कमी असते, म्हणजे साठ-सत्तर टक्के तसेच राहते. कमी मिठाचा आहे म्हणून दुप्पट ओतला तर आपण पहिल्यापेक्षा पुढे जातो. बाटलीच्या मागे दर १०० ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे सोडियम किती ते लिहिलेले असते, दोन बाटल्या शेजारी धरून तेवढा आकडा वाचावा. ज्यांना गव्हाची ॲलर्जी किंवा सीलिअॅक आजार आहे त्यांनीही मागची बाजू वाचावी, बहुतेक सोया सॉसमध्ये गहू असतो.

गोदाकाठ (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. दोन शनिवार होऊन गेले, तेव्हा काय झाले ते कळवते.

पहिल्या शनिवारी बाहेरूनच मागवले. रंकाळावेस दादांनी सांगितल्याप्रमाणे फोनवर पहिल्याच वाक्यात नेमके सांगितले. ट्रिपल शेजवान आणि चायनीज भेळ यादीतून काढली. त्याऐवजी लेमन कोरिएंडर सूप, हॉट गार्लिक सॉसमधल्या भाज्या अर्ध्या सोया सॉसच्या, दोन साधे वाफवलेले भात आणि मुलांच्या आग्रहाखातर एकच हक्का नूडल्स. पलीकडच्या मुलाने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि सगळे सांगितल्याप्रमाणे आले. चटणी वेगळ्या डबीत होती. ती मी ताटात वाढली नाही, मधोमध ठेवली. एरवी तेवढी चटणी एका प्लेटीतच जिरून जात असे. या वेळी पाच जणांनी घेऊनही निम्मी उरली. बाबांनी सूपचे दोन घोट घेऊन वाटी बाजूला ठेवली, कारण त्यांना ते खारट लागले. लोणचे-पापड सुटून महिना झाला, त्यामुळे त्यांची जीभ बदलली असावी.

दुसऱ्या शनिवारी आप्पेपात्रातले मंचुरियन केले. पहिला घाणा फुटला, कारण मी कोबीला सवयीने मीठ लावले होते. दुसऱ्या घाण्यात जिरेमोहरी ताईंचे ऐकले आणि गोळे छान आले. मोठ्या मुलाने दोन खाऊन "हे मंचुरियन नाही" असे सांगितले, धाकटीने सहा खाल्ले. भाजी बाबांनीच परतली, तरुणपणी ते सहलीत सगळ्यांचा स्वयंपाक करत असत. त्यांना थोडी थोडी भाजी घालण्याचे पटले आणि त्यांनी मला कढईजवळ येऊच दिले नाही.

रक्तदाब सध्या १४० च्या आसपास आहे. त्यात गोळीचा वाटा मोठा आहे हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे आणि गोळी चालूच राहणार आहे.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. बाबांना मंचुरियनचा रस्साच अधिक आवडतो आणि कॉर्नफ्लॉवर व सोया सॉस कमी केला की तो पाणचट लागतो. काय करावे?

जिरेमोहरी

सात-आठ अळंब्या आणि एक पिकलेला टोमॅटो बारीक चिरून आधी कोरड्या कढईत, त्यांचे पाणी आटेपर्यंत परता. खडीसाखर ताईंनी वर लिहिले आहे ते ग्लुटामेट या दोन्हींत भरपूर असते, त्यामुळे रस्सा कमी मिठातही भरलेला लागतो. दाटपणासाठी त्यातलेच निम्मे मिश्रण मिक्सरमधून काढून परत घाला. कॉर्नफ्लॉवर मग एक लहान चमचा पुरतो. सोया सॉस शेवटी, आच बंद करताना.

गोदाकाठ (धागाकर्ती)

अळंबी आजच आणते. बाबांनी सकाळीच विचारले आहे, या शनिवारी कढई कुणाच्या हातात राहणार.